माणूस उताणा मावेल एवढा हौद

टंकी गळते तेव्हा लोकांना मिस्त्री आठवतो. गळत नाही तेव्हा ती कोणी बांधली हे घरमालकाच्या बायकोलाही ठाऊक नसते. म्हणून मीच सांगतो. गुढ़ियारी, समता कॉलोनी, भनपुरी, रायपूरच्या या भागातल्या ज्या जुन्या टंक्या अजून कोरड्या अंगानं उभ्या आहेत, त्यातल्या पुष्कळ माझ्या हातच्या आहेत. ज्या गळतात त्या दुसऱ्यांच्या. कोणाला शंका असेल तर त्यानं यावं, मी घरीच असतो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. बाप भंडाऱ्याकडून रेल्वेत गँगमन म्हणून इकडे आला, मी इथलाच झालो. आपल्या इथल्या मराठी मंडळाचे लोक घरी आले आणि म्हणाले, "मेश्रामजी, दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा." मी म्हटलं, मी घरी मले-तुले बोलतो, ते चालत असंल तर लिहितो. ते म्हणाले, लिहा, आम्ही सुधारून घेऊ. तर जिथे सुधारलेलं दिसेल तिथली चूक माझी नाही.

आधी धंदा सांगतो. टंकी म्हणजे तळ आणि चार भिंती, असं लोकांना वाटते. पण भिंतीतून पाणी जात नाही. पाणी जाते सांध्यातून. तळ आज घातला आणि भिंत उद्या उभी केली, की दोघांच्या मधे एक रात्र राहून जाते, आणि पाण्याला ती रात्र बरोबर सापडते. म्हणून तळाच्या कोपऱ्यात काटकोन ठेवायचा नाही. तिथे मसाल्याचा गोल वाटा मारायचा, ताटाचा काठ असतो तसा. मग आतून घोटाई. निव्वळ सिमेंट कालवून लोखंडी गुरमाळ्यानं इतकं घोटायचं की हात फिरवला तर काचेवरून फिरल्यासारखा वाटला पाहिजे. मग पाणी भरायचं, पाण्याच्या काठाशी कोळशानं रेघ मारायची आणि झाकून घरी जायचं. परत आल्यावर पाणी रेघेशी असलं तर मिस्त्री, नसलं तर नुसता थापी धरणारा.

समता कॉलोनीत एका डॉक्टरची जमिनीतली टंकी झिरपत होती. मी म्हटलं, रिकामी करा, आतून काम करावं लागते. ते म्हणे, "क्लिनिक चालू आहे, रिकामी कशी करू? बाहेरून मारा ना." मी म्हटलं, "साहेब, पेशंटचं पोट दुखलं तर तुम्ही शर्टावर मलम लावता का?" त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. तो दर उन्हाळ्यात बाहेरून मारतो, टंकी दर पावसाळ्यात झिरपते, दोघंही खूश आहेत. भनपुरीत एक ट्रान्सपोर्टवाला शेठ होता, ड्रायव्हर लोकांच्या अंघोळीची टंकी बांधायची होती. तो म्हणे टंकीचं तोंड पूर्वेकडे पाहिजे. मी म्हटलं, "शेठ, टंकीचं तोंड वरच असते." तो रुसला, पण काम मलाच दिलं.

असे गिऱ्हाईक सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. मला सांगायचं आहे ते माझ्या शेवटच्या मोठ्या कामाचं. त्याबद्दल बोलायला गेलो की शब्द सापडत नाहीत, आणि मला शब्द सापडत नाहीत असं फार वेळा होत नाही. माझी बायको याची साक्ष देईल.

गुढ़ियारीकडे रेल्वे लाइनच्या जवळ एक लहानसं चर्च आहे. तिथले पास्टर अचलपूरकडचे, आपलीच भाषा बोलणारे, बारीक अंगाचे, माझ्या मोठ्या पोराच्या वयाचे. त्यांच्या मंडळीत लहान लेकराला बाप्तिस्मा देत नाहीत. ख्रिश्चन घरात जन्मला, नाव ख्रिश्चन ठेवलं, तरी बाप्तिस्मा बाकीच. माणूस मोठा झाला, त्याला स्वतःला समजलं, तो चार लोकांत स्वतःच्या तोंडानं बोलला, की मगच त्याला पाण्यात नेतात. आधी ते त्यासाठी खारून नदीवर जात. पण उन्हाळ्यात नदीला घोट्याएवढं पाणी आणि काठावर बघ्यांची गर्दी. म्हणून आवारातच हौद बांधायचं ठरलं. पास्टर मला म्हणाले, "काका, माणूस पाण्याखाली गेला पाहिजे एवढा करा." आणि आईच्या दुखण्यासाठी ते अचलपूरला निघून गेले.

आता पाण्याखाली जाणं म्हणजे काय, हे रायपूरच्या माणसाला कोणी शिकवावं लागते का? राजिमच्या मेळ्यात नदीवर आम्ही लहानपणापासून पाहतो. नाक धरलं, सरळ खाली, सरळ वर. डुबकी. मी तसाच हौद काढला. छातीच्या वर पाणी येईल एवढा खोल, दोन माणसं समोरासमोर उभी राहतील एवढा लांब-रुंद, आणि उतरायला एका बाजूनं पायऱ्या. भिंती ओळंब्यात अशा सरळ की पाहून माझं मलाच बरं वाटत होतं.

पास्टर परत आले, काठावर उभे राहिले, आणि त्यांचं तोंड उतरलं.

"काका, याच्यात माणूस आडवा कसा होईल?"

"आडवा काहून होईल? तो आंघोळ करून राहिला का झोपून राहिला?"

"आमच्यात डुबकी नाही काका. आमच्यात पुरतात."

"कोणाले?"

"पाण्यात उतरतो त्याले."

मला वाटलं हे मस्करी करून राहिले. पण ते चपला काढून काठावर बसले आणि त्यांनी मला समजावलं. मला समजलं तसं लिहितो, कमी-जास्त झालं तर त्यांनी क्षमा करावी, त्यांचा तो धंदाच आहे. त्यांच्या शास्त्रात असं आहे की जो पाप करतो तो पापाचा दास होतो. दास म्हणजे आपल्याकडे बंधुआ म्हणतात तो, वेठबिगार. मालकानं ऊठ म्हटलं की उठायचं. आणि बंधुआ स्वतःच्या मर्जीनं सुटत नाही. तो सुटतो एकाच दिवशी, मरतो त्या दिवशी. मेलेल्यावर कोणत्या मालकाचा हुकूम चालत नाही. म्हणून माणसाला पाण्यात उताणं निजवतात, मढं मातीत ठेवतात तसं. पाणी वरून मिटते. तो मेला. मग त्याला वर घेतात, तो दुसराच माणूस. एका बाजूच्या पायऱ्यांनी उतरायचं, दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी वर निघायचं. आला त्या वाटेनं परत जायचं नाही.

"ही टंकी नाही काका," पास्टर म्हणाले, "ही कबर आहे."

"मग आधी नाही सांगता येत? कबर पाहिजे होती तर कबर खोदणारा बोलवायचा! मी माही भिंत तोडत नाही."

"बरं, नका तोडू. एक मिनिट आत तर या."

मी गेलो. त्यांनी एक हात माझ्या मानेमागं घातला, एक छातीवर ठेवला आणि मला मागं झुकवलं. माझं डोकं माझ्याच भिंतीवर ठप्प करून आपटलं. वर माझा कुली, हाताखालचा मजूर, मसाला कालवत होता, दानियल, त्याला सगळे दानी म्हणत. तो वरून वाकून म्हणे, "मिस्त्री बाबा, अभी मत मरना, दीवार आधी है!"

पास्टरही हसले. मग मला म्हणाले, "काका, इथं तळावर कोनाकोनी निजून पाहा. माणसाला किती जागा लागते ते तुम्हालाच समजेल."

मी निजलो. आयुष्यभर मी टंक्यांत उतरलो, वाकलो, बसलो, घोटाई केली, पण निजलो कधी नव्हतो. चारी बाजूंनी माझ्याच विटा आणि वर आभाळाचा एक चौकोन. पास्टरचं, दानीचं बोलणं लांबून आल्यासारखं येत होतं. पाठीला ओला तळ लागत होता. मी बुद्धाचा माणूस आहे, देव-भूत मानत नाही, आणि भीतीला मी घराच्या बाहेर उभं करतो. पण तिथं पडल्या-पडल्या माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, एखादा माणूस इथं खरंच काही टाकून वर जात असेल, तर मिस्त्रीनं जागा तरी बरोबर दिली पाहिजे.

मी उठलो आणि दानीला म्हटलं, "घन आण. ही भिंत जाऊ दे."

हौद लांब केला. दोन्हीकडून पायऱ्या दिल्या, जरी पायऱ्यांचे सांधे वाढले आणि प्रत्येक सांध्याला मला वेगळा वाटा मारावा लागला. जुन्या कामाला नवं काम जोडताना जुन्याला छिन्नीनं टाचे मारून खडबडीत करावं लागते, नाहीतर नवं धरत नाही. ते सगळं टाचे मारायचं काम दानीनं केलं.

आता दानीचं सांगतो. बैलासारखा माणूस, पन्नाशीच्या आसपासचा. आधी भनपुरीत मालाचा टेम्पो चालवायचा. एक दिवस पिऊन चालवला आणि उलटवला. बाजूला धाकटा भाऊ बसला होता, तो जागेवर गेला. दानी जेलात गेला. सुटून आला तेव्हा लायसन्स नव्हतं, कोणी गाडी देत नव्हतं, तो माझ्याकडे कुली झाला. मेलेल्या भावाची बायको सुसन्ना. ती वर्ध्याकडची, समता कॉलोनीत एका दवाखान्यात आया. एकाच आंगणात दोघांची घरं, समोरासमोर दारं. दानी जेलातून आला त्या रविवारी सुसन्ना चर्चमधे सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मी याला क्षमा केली. लोक ढसाढसा रडले म्हणतात. दानीही रडला. आणि दुसऱ्या आठवड्यात पिऊन आला.

असं ते चालू होतं. तो प्यायचा, रडायचा, चर्चमधे जाऊन गुडघे टेकायचा, चार दिवस बरा राहायचा, परत प्यायचा. बाप्तिस्मा त्याचा झाला नव्हता. त्यानं मागितला होता. चर्चच्या पंचांमधे एक रिटायर मास्टरजी होते, सफेद मिशांचे, त्यांनी सांगितलं, आधी दारू सोड, मग पाण्यात उतर.

दानी मला मसाला देता-देता म्हणे, "बाबा, मास्टरजी बोलते हैं पहले छोड़, फिर उतर. छोड़ सकता तो उतरता काहे को?"

मी मास्टरजींच्या बाजूचा होतो. मी म्हटलं, "दानी, झिरपणाऱ्या भिंतीवर प्लास्टर बसत नाही. आधी गळती बंद, मग घोटाई."

"मैं दीवार नहीं हूँ, बाबा."

एवढंच बोलला आणि फावडं मारत राहिला. मला ते झोंबलं. मी त्या दिवशी त्याला विनाकारण दोनदा ओरडलो.

पास्टरला मी चहाच्या वेळी धरलं. "तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"शास्त्रात दोन्ही आहे काका. एका जागी आहे, जसा आहेस तसा ये, क्षमा फुकट आहे. दुसऱ्या जागी आहे, पापाला मेलेला माणूस परत त्याच पापात कसा राहील?"

"यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही. म्हणून तर मले झोप येत नाही. आमच्यातला सगळ्यात मोठा संत, तो स्वतः लिहून गेला, मले जे चांगलं करावंसं वाटते ते होत नाही, अन् जे नको तेच हातून होते. लिहिणारा संत, काका! दानी तर बिचारा कुली."

मी म्हटलं, "आमच्यात बरं आहे. ज्यानं केलं त्यानं भरायचं, दुसरा कोणी धुऊन देत नाही. हौदाची भानगडच नाही."

ते हसले. "मग तुम्ही दानीले काय सांगता?"

"सोड म्हणून सांगतो."

"सोडतो का?"

मी म्हटलं चहा थंड होऊन राहिला.

हौद भरला, पास्टरनं सांगितला तसा कमरेच्या थोडा वरपर्यंत. कोळशाची रेघ मारली, ताडपत्री टाकली. नंतर उघडून पाहिलं तर पाणी रेघेला चिकटून. दोन्ही पायऱ्या, जोडलेली भिंत, कुठंच घाम नाही. मी पास्टरला म्हटलं, "घ्या. कोणाले मारायचं त्याले मारा."

पहिल्या बाप्तिस्म्याच्या रविवारी मला बोलावणं आलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. बायको म्हणे, "पाहाजा, तुमालेच बुडवतीन ते. अन् बुडवलं तर हट्ट तेवढा तिथंच ठेवून या." मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली. बाप्तिस्म्याचे लोक सफेद कपड्यात उभे होते, काही तरुण पोट्ट्या-पोट्टे आणि एक म्हातारी. एकेक जण उतरत होता. पास्टर कमरेच्या वर पाण्यात. प्रश्न विचारायचे, तो उत्तर द्यायचा, ते त्याला मागं निजवायचे, पाणी मिटायचं, डोळ्याचं पातं लवते न लवते तोच वर. मग लोक गायचे आणि तो माणूस समोरच्या पायऱ्यांनी निथळत वर. म्हातारी वर आली तेव्हा पोरीसारखी हसत होती. मी किती टंक्या भरताना पाहिल्या, पण पाणी असं वापरताना पाहिलं नव्हतं.

दानी त्यांच्यात नव्हता. आदल्या संध्याकाळी तो प्यायला होता, आणि सकाळीही. तो फाटकाच्या बाहेर, उरलेल्या रेतीच्या ढिगावर बसला होता. पण कपडे सफेद घालून बसला होता, धुतलेले.

सगळे झाल्यावर पास्टरनं रीतीप्रमाणं विचारलं, "और कोई है?" हे विचारायचंच असते, कोणी उत्तर देत नाही. सुसन्ना उभी राहिली.

"है," ती म्हणाली आणि तिनं फाटकाकडे हात केला.

मास्टरजी हळू आवाजात म्हणाले, "बेटी, वह पिए हुए है."

पुढं ती हिंदीत बोलली, मी आपल्या भाषेत सांगतो. ती म्हणाली, "मास्टरजी, याच जागी उभी राहून मी म्हटलं होतं क्षमा केली. तुम्ही सगळे रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, हा समोर दात घासत होता, आणि माझ्या मनात आलं, तो गेला, हा काहून नाही मेला? रोज येते मनात. संध्याकाळपर्यंत मी ते कसंबसं खाली ठेवते, सकाळी ते परत माझ्या छातीवर बसून असते. याची बाटली तुम्हाला दिसते, माझी दिसत नाही. मी तर पाण्यातून निघालेली आहे, लग्नाच्या आधीच. सुटलेल्यालाच पाणी द्यायचं असेल तर हा हौद रिकामा करून टाका."

 मागच्या लाइनवरून मालगाडी जात होती, तिचे डबे संपता संपेनात. पास्टर पाण्यात उभे, ओठ निळे पडलेले. सगळे मास्टरजींकडे पाहत होते. मास्टरजींनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, डोळ्यांवर चढवला, परत काढला.

मग म्हणाले, "गेट खोलो."

दानी आला. धरून आणावं लागलं. माझ्या जवळून गेला तेव्हा वास आला. पायऱ्या उतरताना कठडा धरायला हात गेला, पण कठडा मी दिलेला नव्हता, कोणी सांगितला नव्हता. तो कसाबसा उतरला.

पास्टरनं प्रश्न विचारायला तोंड उघडलं तर हाच आधी बोलला, "साहब, मैं छूटा नहीं हूँ."

"यह नहीं पूछा. छुड़ानेवाले पर भरोसा है?"

दानी म्हणाला, "उसी पर है. अपने ऊपर तो नहीं है."

आता अडचण वजनाची. पास्टर बारीक, दानी बैल, वर पाय लटपटलेले. एकट्यानं निजवता येईना. पास्टरनं तरुण पोरांकडे पाहिलं. पोरं एकमेकांकडे पाहत राहिली. तेवढ्यात सुसन्ना साडीनिशी पायऱ्या उतरून पाण्यात. तिनं एक हात त्याच्या पाठीखाली घातला, एक छातीवर ठेवला. दोघांनी मिळून त्याला मागं निजवलं. पाणी मिटलं.

आणि तो वर आला नाही.

पास्टर त्यांच्या बाजूनं उचलत होते. त्यांच्या खांद्याच्या ताणावरून मला ते दिसत होतं. पण छातीवर सुसन्नाचा हात होता आणि तिचं कोपर सरळ होतं. लोकांना ते समजलं नसेल. मला समजलं. गुरमाळ्यावर जोर द्यायचा असतो तेव्हा कोपर असंच सरळ करतात. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं राग नव्हता. काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. आणि पाण्याखाली दानीचे दोन्ही हात बाजूला मोकळे पडलेले. तो एका झटक्यात तिला काठावर फेकू शकला असता. त्याचा एक हात हलला नाही. पास्टरनी उचलायचं थांबवलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिचा हात काढला नाही. ते काहून थांबले, हे मी त्यांना आजवर विचारलं नाही.  मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो आणि अर्धाच राहिलो.

मग तिचं कोपर वाकलं.

दानी वर आला तो खोकत, नाकातोंडातून पाणी काढत, लेकरासारखा आवाज करत. त्याला समोरच्या पायऱ्यांकडे वळवलं. तो हातापायावर चढून वर गेला. लोक गाऊ लागले, पण सूर लागायला वेळ लागला. सुसन्ना पाण्यातच खालच्या पायरीवर बसून राहिली. म्हातारीनं जाऊन तिला उठवलं.

मी घरी आलो. बायको म्हणे, "काय जी, बुडवलं का?" मी जेवलो नाही. तिनं परत विचारलं नाही, हे तिचं मोठेपण.

लोक मला विचारतात, मग दानी सुटला का? सांगतो. बरेच दिवस तो बरा राहिला. त्याचं तोंड भरलं, कामावर वेळेवर यायचा, माझ्यावर जोक करायचा. आणि एक दिवस भनपुरीत ट्रकांच्या रांगेत पडलेला सापडला. मास्टरजी काही बोलले नाहीत. बोललो मी. मी सायकल काढून पास्टरकडे गेलो.

"तुमचा मेलेला माणूस दारू पिऊन राहिला."

"हो काका. काल मीच उचलून आणला."

"मग परत बुडवा."

"माती एकदाच देतात, काका."

मला राग आला होता, पण बोलता-बोलता मला बिसाहू आठवला. बिसाहू माझ्याकडे पूर्वी काम करायचा. परराज्यातल्या एका वीटभट्टीवर बायको-पोरांसकट बंधुआ होता, सरकारी लोकांनी धाड टाकून सोडवून आणला. सुटल्याला कितीक दिवस झालेले. पण कामावर जेवायला बसलो आणि रस्त्यावर मोटरसायकल थांबली, की हा भाकर हातात घेऊन उभा. भट्टीवर मालकाचा मुंशी मोटरसायकलनं यायचा म्हणे. मी विचारायचो, "अरे, आता तुह्या मालिक कोण?" तो म्हणायचा, "कोनो नइ, बाबा." कोणीच नाही म्हणायचा, आणि उभाच.

हे मी पास्टरला सांगितलं. ते म्हणाले, "तो उभा राहिला की तुम्ही काय करत होते?"

"काय करणार? सगळेच म्हणायचो, बइठ बिसाहू, बइठ. रोज म्हणायचो."

"मग बसायचा?"

"बसायचा."

"झालं तर," पास्टर म्हणाले आणि उठून आत गेले. मी सायकल धरून तिथंच उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्या बिसाहूला रोज बस म्हणताना आपण काही करून राहिलो असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर सुसन्नानं मला आंगणातल्या धुण्याच्या ओट्यासाठी बोलावलं. ओटा खचला होता. लहान काम, पण मी गेलो, कारण मला तिला एक विचारायचं होतं. दानी परत कामाला लागला होता, दुसऱ्या एका मिस्त्रीकडे, त्याचं दार बंद होतं. मी ओटा फोडला, मसाला कालवला. ती चहा घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली.

"बाई, एक विचारू? राग नको मानू."

"विचारा ना काका."

"त्या दिवशी हौदात. तुह्या हात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाले दिसला?"

"मिस्त्री आहो. दाबणारा हात मले समजते."

ती कपाचा काठ बोटानं पुसत राहिली. मग म्हणाली, "हो काका. दाबला होता. उतरताना असं काही मनात नव्हतं, तुमची शप्पथ. पण तो खाली गेला आणि हाताखाली त्याची छाती आली, अन् वाटलं, एवढंच तर करायचं आहे. कोणाले कळणार पण नाही. म्हणतीन, पिऊन होता, दम नाही पुरला. आणि तो खालून माह्याकडे पाहून राहिला होता. डोळे उघडे. त्यानं ओळखलं होतं, काका. तरी त्यानं हात नाही उचलला."

"मंग?"

"मंग काही नाही. मी हात काढला नाही. मले काढताच येत नव्हता, मी सोडायचं म्हणत होती अन् हात ऐकत नव्हता. तो हात आपोआप निघाला."

"कोणी काढला? पास्टरनं?"

"त्यायनं हात नाही लावला. तुम्ही पाहिलं ना?"

पाहिलं होतं. मी पुढच्या खुर्चीत होतो, मधे काहीच नव्हतं. तिच्या हाताला कोणीच हात लावला नव्हता.

ती कप घेऊन आत गेली. समोर घमेल्यात मसाला घट्ट होत चालला होता, मला दिसत होतं, आणि मी थापी मांडीवर ठेवून तसाच बसलो होतो.